‘आपा, कुरआन वरून पडलं का?’ मुलांना वहीची गोष्ट सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मगरीबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, माझ्या ओटीवर चार ते दहा वर्षांची पोरं जमतात. कोकणातलं गाव. मुलं दिवसा मराठी शाळेत जातात, घरी कोकणी-मराठी बोलतात आणि संध्याकाळी रेहल या पुस्तक ठेवायच्या घोडीवर कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, उघडून अलिफ-बे म्हणतात. कुरआनचे शब्द प्रेषितांपर्यंत कसे आले, म्हणजेच ‘वही’, याबद्दल त्यांच्या अम्मींनी, बाबांनी आणि सगळ्यांत जास्त त्या पोरांनीच विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं घरात सांगायच्या भाषेत आहेत. धर्माचे बारीक मसले (नियम) विचारायचे असतील तर आपल्या आलिमांकडेच (धर्माच्या जाणकारांकडेच) जावं.

कितव्या वर्षापासून सांगायला सुरुवात करावी?

आपल्याकडे चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की मुलाची ‘बिस्मिल्ला’ करतात. नवे कपडे, मिठाई, आणि कोणीतरी बुजुर्ग मुलाकडून बिस्मिल्ला म्हणवून घेतात. बऱ्याच घरांत त्यासोबत ‘इकरा बिस्मि रब्बिक’ ही आयतही म्हणवतात. हा भारतीय उपखंडातला रिवाज आहे, शरीयतचा हुकूम नाही. पण गंमत बघा, मुलाच्या तोंडून निघणारा तो ‘इकरा’ (वाचा) म्हणजे वहीचा पहिलाच शब्द. म्हणजे गोष्टीचं पहिलं वाक्य आपण त्याला आधीच देऊन ठेवलेलं असतं, फक्त सांगायचं विसरतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन वाक्यं पुरतात: अल्लाहने निरोप पाठवला, फरिश्ते (देवदूत) हजरत जिब्रील (अ.) तो घेऊन आले, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो आपल्याला जसाच्या तसा सांगितला. (कंसांतली अ., स., र. ही आदराने म्हणायच्या दुआंची छोटी रूपं.) सहाव्या-सातव्या वर्षी गुहेची गोष्ट सांगावी. कुरआन लिहिलं कसं, जमवलं कसं, हे आठ-नऊ वर्षांच्या पुढे. याहून घाई करू नये.

‘अल्लाहने वही पाठवली’ म्हटल्यावर माझ्या मुलाने विचारलं, ‘शंभर पानी की दोनशे पानी?’ आता काय सांगू?

हसा आधी. मग समजून घ्या की हा घोटाळा मराठी मुलांच्या नशिबीच आहे. अरबीतला ‘वह्य’ उर्दूतून आपल्याकडे ‘वही’ होऊन आला आणि शाळेच्या दप्तरातल्या वहीला जाऊन चिकटला. बाकीचे शब्दही तसेच. ‘आयत’ म्हटलं की तिसरीतल्या मुलाला चार काटकोन दिसतात. ‘पारा’ थर्मामीटरमध्ये असतो, ‘कायदा’ पोलिसांकडे असतो. ‘सूरह’ नीट उच्चारली नाही तर तिचा सुरा होतो. आणि हिराची गुहा! माझ्याकडच्या एका मुलाला कित्येक महिने वाटत होतं की त्या गुहेच्या भिंतींत हिरे चमकत असणार. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी हे शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांनाच विचारायचं, ‘याचा शाळेतला अर्थ काय?’ ती ओरडून सांगतात. मग म्हणायचं, आता याचा दुसरा अर्थ. वही म्हणजे अल्लाहने आपल्या पैगंबरांपर्यंत पोहोचवलेला संदेश. आयत म्हणजे खूण, निशाणी, कुरआनमधलं एक वचन. सूरह म्हणजे कुरआनचा एक अध्याय. पारा म्हणजे कुरआनच्या तीस भागांपैकी एक. हिरा हे मक्केजवळच्या गुहेचं नाव, रत्नाशी त्याचा काही संबंध नाही.

पुस्तकांत ‘कुरआनचे अवतरण’ असं लिहिलेलं असतं. मोठ्यांना ते बरं वाटतं, मुलांना त्यातून फक्त अवतरणचिन्ह आठवतं. पण मला ती आठवण वाईट वाटत नाही. दुसऱ्याचे शब्द आपण न बदलता सांगतो तेव्हा ती दोन चिन्हं लावतो, आणि प्रेषितांनी तेच केलं: शब्द अल्लाहचे, पोहोचवणारे ते. चौथीच्या मुलाला हे एका मिनिटात कळतं.

‘वही’ या शब्दाच्या मुळाशी गुपचूप, झटकन केलेल्या इशाऱ्याचा अर्थ आहे. कुरआनमध्ये हा शब्द मधमाशीसाठीसुद्धा आला आहे: सूरह नहलमध्ये (16:68, म्हणजे सोळावी सूरह, अडुसष्टावी आयत) अल्लाह मधमाशीच्या मनात घालतो की डोंगरांत, झाडांत, माणसं उभारतात त्या मांडवांत घर कर. आणि सूरह कससमध्ये (28:7) हजरत मूसा (अ.) यांच्या आईला, की बाळाला दूध पाज, आणि भीती वाटली की नदीत सोड. पैगंबरांना आलेली वही याहून फार वेगळी आणि मोठी. पण ज्या मुलाने परसात पोळं पाहिलं आहे, त्याला ‘कोणी न सांगता माशीला कसं कळलं?’ इथून सुरुवात करून दिली तर पुढचं सोपं जातं.

‘उतरलं’ म्हणजे वरून पुस्तक पडलं का?

नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि ज्याने रंगीत जिल्दीचं कुरआन कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर बघितलेलं असतं तोच विचारतो. मुलांना सांगा की प्रेषितांच्या हातात छापलेलं पुस्तक कधीच आलं नाही. आले ते शब्द. त्यांनी ऐकले, ते त्यांच्या मनात पक्के बसले आणि त्यांनी लोकांना ऐकवले. ‘कुरआन’ या शब्दातच वाचण्याचा, पठणाचा अर्थ आहे. कागदावर ते लिहिलं गेलं, पण राहिलं लोकांच्या तोंडी. आजही हाफिज, म्हणजे कुरआन पाठ असलेला माणूस, डोळे मिटून सगळं म्हणतो, आणि मुलांना याचं आश्चर्य रमजानमधल्या रात्रीच्या तरावीह नमाजाच्या रांगेत उभं राहिल्यावर आपोआप वाटतं.

हिराच्या गुहेची गोष्ट नेमकी कशी सांगावी?

सावकाश. ‘एकदा जिब्रील आले आणि म्हणाले वाचा’ असं एका दमात संपवलं तर गोष्टीतला जीव जातो.

आधी माणूस ओळखीचा करा. मक्केतलं एक मूल, इ.स. 570च्या सुमारास जन्मलेलं. वडील अब्दुल्लाह जन्माआधीच गेले. सहाव्या वर्षी अम्मी आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. मग चाचा अबू तालिब यांनी सांभाळलं. लहानपणी शेळ्या-मेंढ्या राखल्या, मोठेपणी व्यापार केला. लोक त्यांना ‘अल-अमीन’ म्हणत, ज्याच्याकडे ठेव ठेवून निर्धास्त झोपावं असा माणूस. इथे थांबून मुलांना विचारा, ‘तुमची सगळ्यांत आवडती वस्तू तुम्ही कोणाकडे ठेवायला द्याल?’ वर्गातला कोण खरा अमीन आहे ते तुम्हाला लगेच कळेल.

मग डोंगर. मक्केच्या बाहेर जबल-ए-नूर आहे, सुमारे 640 मीटर उंच, म्हणजे आपल्या रायगडाहून ठेंगणा. पण रायगडावर पावसाळ्यात हिरवं गच्च होतं तसं तिथे काही नाही. नुसता उघडा, तापलेला खडक. माथ्याजवळ एक छोटी गुहा, दोन-चार माणसं कशीबशी मावतील एवढी. आमच्या गावातल्या हजला जाऊन आलेल्या एका दादीला मी मुलांसमोर बसवलं होतं. ‘गुडघे बोलले गो माझे,’ एवढंच त्या म्हणाल्या, आणि मुलांना तो डोंगर माझ्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त कळला.

प्रेषित तिथे एकटे जाऊन बसत, अनेक रात्री. शिदोरी बरोबर असे. ती संपली की पत्नी हजरत खदीजा (र.) यांच्याकडे परत येत, नवी शिदोरी घेऊन पुन्हा चढत. का जात? कारण गावात चाललेलं त्यांना पटत नव्हतं. मूर्तींची पूजा, दुबळ्यांवर जुलूम, मुलींना जन्मताच पुरण्याची रीत. (ही शेवटची गोष्ट सहा वर्षांच्या मुलांना मी सांगत नाही. ‘मुलींना वाईट वागवत’ एवढंच.)

वय चाळीस. इ.स. 610, रमजान महिना. एके रात्री हजरत जिब्रील (अ.) आले आणि म्हणाले, ‘इकरा.’ प्रेषित म्हणाले, ‘मला वाचता येत नाही.’ जिब्रील यांनी त्यांना घट्ट आवळून धरलं, इतकं की सहन होईना, आणि सोडलं. पुन्हा ‘इकरा’. पुन्हा तेच उत्तर. असं तीनदा. मग सूरह अलकच्या पहिल्या पाच आयती आल्या. अर्थ साधारण असा: वाचा, तुमच्या रबच्या (पालनकर्त्याच्या) नावाने, ज्याने निर्माण केलं, ज्याने माणसाला चिकटून राहणाऱ्या गोळ्यापासून घडवलं, वाचा, तुमचा रब अत्यंत उदार आहे, ज्याने कलमाने शिकवलं, माणसाला ठाऊक नव्हतं ते शिकवलं.

‘इकरा’चा अर्थ पाहून वाचणं असाही होतो आणि तोंडाने म्हणणं, पठण करणं असाही. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे ‘वाचा’ एकच: वाचण्याचा हुकूमही तोच आणि माणसाची वाणीही तीच. मराठीने पळवलेल्या ‘वही’ची एवढी तरी भरपाई केली आहे.

प्रेषित घाबरले होते, हे मुलांना सांगावं का? मनात कमीपणा तर येणार नाही?

सांगावंच. माझ्या मते पूर्ण गोष्टीत मुलाला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग हाच आहे, आणि आपण नेमका तोच गाळतो.

प्रेषितांच्या नंतरच्या पत्नी हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेल्या, बुखारी शरीफ या संग्रहातल्या हदीसमध्ये (प्रेषितांबद्दलच्या आठवणीत) हे स्पष्ट आहे. प्रेषित डोंगर उतरून घरी आले तेव्हा त्यांचं हृदय धडधडत होतं. ‘जम्मिलूनी, जम्मिलूनी’ म्हणाले. मला पांघरूण घाला, पांघरूण घाला. घरच्यांनी पांघरूण घातलं. भीती ओसरल्यावर त्यांनी खदीजांना सगळं सांगितलं, मला माझ्याच जिवाची भीती वाटते म्हणाले. आणि खदीजा काय म्हणाल्या? घाबरू नका म्हणून गप्प नाही बसवलं. अल्लाह तुम्हाला कधीच अपमानित करणार नाही, म्हणाल्या, आणि कारणं मोजली: तुम्ही नाती जपता, दुबळ्याचं ओझं उचलता, नसलेल्याला मिळवून देता, पाहुण्याचा सत्कार करता, संकटात लोकांच्या बाजूला उभे राहता.

एवढा मोठा प्रसंग, आणि त्यात एक गोधडी आहे, एक घाबरलेला माणूस आहे आणि त्याला धीर देणारी बायको आहे. मेघगर्जनेला घाबरून अम्मीच्या कुशीत शिरणाऱ्या मुलाला यापेक्षा वेगळं काय समजवायचं? गोष्ट सांगताना मी खरोखर एक गोधडी आणते. कोणालाच प्रेषितांची भूमिका देत नाही, तसं करूच नये. सगळ्या मुलांनी मिळून ती अंगावर ओढायची आणि खदीजांनी मोजलेल्या पाच गोष्टी आठवायच्या. ‘पाहुण्याचा सत्कार’ कोणी विसरत नाही, कारण त्यात खाणं असतं.

पुढे खदीजा त्यांना आपले चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. म्हातारे, दृष्टी गेलेले, इसाई धर्म स्वीकारलेले. त्यांनी ऐकताक्षणी ओळखलं की मूसांकडे आला होता तोच फरिश्ता हा.

जिब्रील (अ.) कसे दिसायचे? मुलीने चित्र काढून आणलं, पंखांसकट.

रागावू नका. फरिश्ते नूरपासून (प्रकाशापासून) निर्माण झाले असं हदीसमध्ये आहे, आणि प्रेषितांनी जिब्रील यांना त्यांच्या मूळ रूपात पाहिलं तेव्हा सहाशे पंख होते असंही आहे. मुलीने दोनच काढले असतील तर हिशेब तिथेच संपला. तिला म्हणा, सहाशे पंख कागदावर मावतील का? मग आपण काढायलाच नको. फरिश्त्यांची आणि पैगंबरांची चित्रं आपण काढत नाही, हे नियम म्हणून सांगण्यापेक्षा असं सांगितलेलं मुलांना पटतं. चित्र काढायचंच असेल तर डोंगर आहे, तारे आहेत, खजुरीचं झाड आहे, कलम आहे. गोधडीसुद्धा.

कधी कधी जिब्रील माणसाच्या रूपात येत. एकदा पांढरेशुभ्र कपडे, काळेभोर केस, प्रवासाची धूळ नाही, आणि तरी गावात कोणी ओळखत नाही, असा एक माणूस येऊन प्रेषितांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय असे प्रश्न विचारून गेला. मागाहून कळलं की ते जिब्रील होते. मुलांना ही हदीस रहस्यकथेसारखी आवडते.

वही येताना काय व्हायचं?

प्रेषितांनाच हा प्रश्न विचारला गेला होता. ते म्हणाले, कधी घंटेच्या नादासारखी येते, ती माझ्यावर सगळ्यांत भारी असते. कधी फरिश्ता माणसाच्या रूपात येऊन बोलतो. हजरत आयशा (र.) सांगतात की कडाक्याच्या थंडीत वही यायची आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळायचा. वही लिहून घेणारे हजरत जैद बिन साबित (र.) यांची आठवण तर मुलांना पाठ होते: प्रेषितांची मांडी त्यांच्या मांडीवर टेकलेली होती, तेवढ्यात वही आली, आणि मांडी एवढी जड झाली की आपलं हाड मोडतं की काय असं जैदना वाटलं. शब्दांनाही वजन असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळं कुरआन एकदम का नाही आलं?

मक्केतल्या लोकांनीही हेच विचारलं होतं, आणि उत्तर कुरआनमध्येच आहे (25:32): तुमचं मन पक्कं व्हावं म्हणून. 23 वर्षं लागली. साधारण 13 मक्केत, 10 मदिनेत.

मी सुतळी घेते आणि 23 गाठी मारायला लावते. तेराव्या गाठीनंतर लाल दोरा. तो हिजरतचा, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याचा, इ.स. 622. मग एकेक गाठ धरून थोडं थोडं सांगते. सुरुवातीलाच एक रिकामी जागा सोडते, कारण पहिल्या वहीनंतर काही काळ वही थांबली होती. मुलं विचारतात, ‘मग त्यांना वाटलं का अल्लाह विसरला?’ इथे सूरह दुहा म्हणून दाखवायची: तुमच्या रबने तुम्हाला सोडलेलं नाही, तो नाराजही नाही. त्याच सूरहमध्ये पुढे आहे, तुम्ही अनाथ होतात, त्याने आसरा दिला नाही का? तेव्हा अनाथावर जबरदस्ती करू नका, मागणाऱ्याला झिडकारू नका. सहाव्या वर्षी आई गेलेल्या मुलाची गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली असेल तर इथे वर्ग शांत होतो.

कधी लोक प्रश्न विचारत आणि उत्तर म्हणून आयत येई, कधी भांडण झालं तर त्याचा निवाडा येई. आयुष्य चालू होतं आणि कुरआन त्याच्या जोडीने उतरत होतं.

पण रमजानमधल्या शब-ए-कद्रच्या एकाच रात्री कुरआन उतरलं असं म्हणतात. मग 23 वर्षं कशी?

हुशार मुलं दहाव्या वर्षी हे पकडतात. आलिमांनी हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या हवाल्याने दिलेलं उत्तर असं: लौह-ए-महफूजवरून (अल्लाहकडच्या सुरक्षित पाटीवरून) सर्वांत खालच्या आसमानापर्यंत कुरआन त्या एका रात्री आलं, आणि तिथून प्रेषितांपर्यंत गरजेप्रमाणे 23 वर्षांत. काही जण म्हणतात, त्या रात्री उतरायला सुरुवात झाली. दोन्ही सांगा. ती रात्र रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत शोधायची आहे; आपल्याकडे सत्ताविसावीला जागतात. त्या रात्री मुलांना मशिदीच्या अंगणात थोडा वेळ जागू द्यावं. शिरखुर्म्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं, असं माझं मत. माझ्या भाच्यांचं मत वेगळं आहे.

सूरह अलक पहिली उतरली, तर ती पहिल्या पानावर का नाही?

कारण कुरआनचा क्रम उतरण्याच्या तारखांवर लावलेला नाही. कोणती आयत कुठे ठेवायची हे प्रेषित स्वतः लिहिणाऱ्यांना सांगत. अलक 96वी आहे, पहिली फातिहा. एकूण 114 सूरह. सगळ्यांत मोठी बकरह, 286 आयतींची. सगळ्यांत छोटी कौसर, तीनच. आपली मुलं शेवटून सुरू करतात, अम्मा पाऱ्यापासून. या तिसाव्या पाऱ्यात 37 छोट्या सूरह आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मक्केतल्या. म्हणजे मुलं नकळत साधारण उतरण्याच्या वाटेनेच चालतात. सुरुवातीला मक्केतल्या लोकांनी जे ऐकलं, तेच ती सुरुवातीला ऐकतात.

प्रेषितांना लिहिता येत नव्हतं, मग लिहिलं कोणी?

लिहिणारे सोबती होते: हजरत अली, हजरत उस्मान, उबै बिन काब, जैद बिन साबित आणि इतर. कागद नव्हता. खजुरीच्या फांद्यांचे दांडे, पातळ दगड, चामड्याचे तुकडे, जनावरांच्या खांद्याची रुंद हाडं, यांवर लिहीत. मुलांना झावळीचा सपाट दांडा आणि कोळसा द्या आणि नुसतं स्वतःचं नाव लिहायला सांगा. (आयत लिहायला देऊ नका, तो दांडा नंतर कुठेही पडतो.) हात काळे होतात आणि ‘एवढी मेहनत?’ हा उद्गार हमखास निघतो.

प्रेषितांच्या वफातीनंतर (निधनानंतर), इ.स. 632 मध्ये हजरत अबू बक्र खलिफा झाले. यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले अनेक जण शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांना काळजी वाटली आणि त्यांनी सगळं एकत्र लिहून काढायचा आग्रह धरला. काम आलं जैदकडे. तोच जैद, ज्याची मांडी जड झाली होती. प्रेषित मदिनेत आले तेव्हा तो अकरा-एक वर्षांचा पोरगा होता. आता तरुण झालेला जैद म्हणाला, मला एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी ते याहून हलकं गेलं असतं. त्याने लिहिलेलं आणि लोकांना पाठ असलेलं पडताळून पाहत सगळं जमवलं. ती पानं अबू बक्र यांच्याकडे, मग उमर यांच्याकडे आणि मग त्यांची मुलगी, उम्मुल मोमिनीन (प्रेषितांच्या पत्नी) हजरत हफ्सा (र.) यांच्याकडे राहिली. एवढा मोठा ठेवा एका बाईच्या घरात सुरक्षित होता, हे मुलींना मुद्दाम सांगावं. पुढे हजरत उस्मान यांच्या काळात, 650च्या आसपास, त्याच पानांवरून प्रती करून शहरोशहरी पाठवल्या.

मोठ्या मुलांना आणखी एक. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात कुरआनची दोन जुनी पानं आहेत. त्यांच्या चामड्याची कार्बन चाचणी केली तर ते इ.स. 568 ते 645 च्या दरम्यानचं निघालं. 2015 मध्ये हे जाहीर झालं. जुन्या लिपीत जेर-जबर (स्वरांच्या खुणा) नव्हते, नुक्तेही (अक्षरांचे ठिपके) फार थोडे. हे ऐकून नूरानी कायद्यावर रखडलेल्या एका मुलाने मला विचारलं, ‘मग आम्हालाच का?’ त्याला सांगितलं, अरबांना न लिहिता कळायचं, आपल्याला लिहूनही कळत नाही म्हणून.

अरबीतच का? मराठीतून अर्थ सांगितला तर चालेल?

प्रत्येक रसूल (पैगंबर) आपल्या लोकांच्या भाषेतच पाठवला, असं कुरआनच सांगतं (14:4). प्रेषितांचे लोक अरब, म्हणून कुरआन अरबीत. तिलावत (पठण) अरबीतूनच करायची, पण अर्थ मुलाच्या भाषेत सांगायला कशाची आडकाठी? आमच्या लहानपणी अर्थ सांगितलाच तर उर्दूत, आणि आम्हाला ती धड कळायची नाही. दोन भाषांच्या पलीकडे राहिलेलं कुरआन आम्ही पाठ केलं. माझ्या एका उस्तादांच्या हातात ओली छडी असे. एक जेर चुकला की तळहातावर वळ. मला ती सूरह आजही पाठ आहे आणि ती म्हणताना आजही तळहात आखडतो. असं पाठांतर कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

प्रेषितही वही येताना, विसरू नये म्हणून, घाईघाईने जीभ हलवत. त्यांना सांगितलं गेलं (75:16 ते 18): घाई करू नका, ते जमवणं आणि म्हणवून घेणं आमच्याकडे, आधी ऐका. छोट्या मुलांसाठी मी याचा सरळ अर्थ घेते. आठवडाभर नुसतं ऐकवायचं, मग म्हणवून घ्यायचं.

गोष्टीसाठी कोणत्या सूरह घ्याव्यात?

प्राण्यांपासून. हत्तीची फील, मुंगीची नम्ल, मधमाशीची नहल, कोळ्याची अनकबूत, गाईची बकरह. मुंगी आपल्या सोबत्यांना सांगते, बिळात शिरा, सुलेमान आणि त्यांचं लष्कर नकळत तुम्हाला चिरडेल. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की गोष्ट पुन्हा सांगायची.

आणि एक अबस. प्रेषित मक्केतल्या बड्या लोकांशी बोलत होते, तेवढ्यात अंध सोबती अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम काही विचारायला आले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यावर आयती आल्या, की शिकायला धावत आलेल्याकडे दुर्लक्ष का? आणि प्रेषितांनी त्या आयती लपवल्या नाहीत, सगळ्यांना वाचून दाखवल्या. मदिनेत हेच अब्दुल्लाह हजरत बिलाल यांच्यासोबत अजान देत. ‘शब्द खरंच अल्लाहचे कशावरून?’ असं विचारणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला मी हीच गोष्ट सांगते: कोणी स्वतःच रचलं असतं, तर स्वतःलाच दिलेली ताकीद त्यात ठेवली असती का? ती विचार करत बसते. बसू द्यावं.

मुलगा विचारतो, ‘मला जिब्रील कधी भेटतील?’

प्रेषित मुहम्मद (स.) हे शेवटचे पैगंबर, त्यामुळे आता वही येत नाही. हे ऐकून काही मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा, जिब्रील यांनी आणलेलं सगळं तुझ्या रेहलवर आहे. दर रमजानमध्ये ते आणि प्रेषित मिळून कुरआनची उजळणी करत, आणि शेवटच्या वर्षी दोनदा केली. तुझी उजळणी झाली का, ते सांग.

शाळेतल्या हिंदू-ख्रिस्ती मित्रांसमोर मूल काय सांगेल याची काळजी वाटते.

त्याला जे सांगाल तेच ते सांगेल. मूसांना तौरात, दाऊदांना जबूर, ईसांना (येशूंना) इंजील हे ग्रंथ मिळाले, आणि आपण त्या सगळ्यांना मानतो, हे त्याला माहीत असू द्या. प्रेषितांना पहिल्यांदा ओळखणारे वरका इसाई होते, हेही. आणि दुसरे ज्यांना पुजतात त्यांना नावं ठेवू नका, हा कुरआनचाच हुकूम आहे (6:108). ‘माझं खरं, तुझं खोटं’ हे मुलं मोठ्यांच्या गप्पांतून उचलतात. गोष्टीतून नाही.

एका बैठकीत किती सांगावं?

दहा मिनिटं. कोणी ‘पुढे काय झालं?’ म्हटलं की थांबावं.

गोष्ट सांगताना आमच्याकडून चूक झाली तर?

होतेच. सगळ्यांत नेहमीची चूक गुहांची. वही आली ती हिराची गुहा, जबल-ए-नूरवर, इ.स. 610. हिजरतच्या वेळी प्रेषित आणि अबू बक्र तीन रात्री लपले ती सौरची गुहा, वेगळ्या डोंगरावर, बारा-तेरा वर्षांनंतर. कोळ्याच्या जाळ्याची आणि कबुतरांची गोष्ट सांगतात ती या दुसऱ्या गुहेची. मागच्या रमजानमध्ये दिवसभराच्या रोज्यानंतर मी रंगात येऊन हिराच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं विणून मोकळी झाले. कोपऱ्यातून सात वर्षांची एक पोर उठली. ‘आपा, तिथे लपायचं कशाला? तेव्हा तर कोणी मागे लागलंच नव्हतं.’ मी जाळं काढून टाकलं आणि पुन्हा डोंगराच्या पायथ्यापासून सुरुवात केली.